बालाघाटकन्येची येळवस

मार्गशीर्ष उतरणीला लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. सकाळी गच्चीवर जाते, वाळत घातलेल्या तिळात उगीच बोटं फिरवते, खाली येते, कशाला खाली आले ते विसरते आणि पुन्हा वर जाते. गच्चीवरून धारूरच्या किल्ल्याचा बुरूज दिसतो. घाटाच्या अंगानं येणारं वारं या दिवसांत असं असतं की शाल घ्यावी तर ऊन लागतं आणि काढावी तर हुडहुडी भरते. नात म्हणते, "आजी, एका जागी बस ना. तुला काय चावतंय का?"

"येळवस चावायलीय," मी म्हणते. तिला वाटतं आजी गंमत करते.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. ज्यांच्या घरी ती असते त्यांना सांगावी लागत नाही, ज्यांच्या घरी नसते त्यांना सांगून कळत नाही, तरी सांगते. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारी निसवायला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले, तुरीच्या शेंगा टचटचीत. ज्याचं वावर तो आपल्या वावरात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतो, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करतो. मग मिळेल त्या शेंगा-दाण्यांची आणि पालेभाज्यांची मिळून शिजवलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, आणि ताकात ज्वारीचं पीठ कालवून, लसूण घालून रात्रभर आंबवलेली आंबील. कोपीपुढून जो जाईल त्याला हाक मारायची. हाक आली की नाही म्हणायचं नाही. भाऊबंदकी असो, कोर्टात केस असो, दोन घोट आंबील पिऊनच पुढं जायचं. आमच्या बाजूला सगळ्या घरांत हा सण नाही. माझ्या सासूबाई लातूरकडच्या. त्यांनी तो रुखवतासोबत आणला आणि धारूरच्या मातीत पक्का रोवला. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, लिंगायतांच्या घरात आईला म्हणतात तसं.

हे सगळं मी मागं एकदा लिहून बसलेय. फार वाईट लिहिलंय. "कृषिसंस्कृतीच्या आदिम प्रवाहातून प्रस्फुटित झालेला समतेचा हा लोकोत्सव म्हणजे मराठवाड्याच्या अस्मितेचा हुंकार आहे." हे वाक्य माझं. आता वाचलं की वाटतं, त्या बाईला आधी घोटभर आंबील पाजायला हवी होती. घसा तरी मोकळा झाला असता.

ती बाई म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेली मी. बोटाला हळद, कपाळाला भस्म आणि डोक्यात महाराष्ट्र.

त्या वर्षांत सगळंच नवं यायलं होतं. खाली आमचं किराणा दुकान, वर घर. दुकानात सुटं गोडेतेल मागणारी माणसं पिशवीतलं तेल मागायला लागली. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारात लटकल्या, वाऱ्यानं चमचम करायच्या. किल्ल्याच्या बाजूच्या टेकडीवर मोबाईलचा मनोरा उभा राहिला आणि अव्वा त्याला लांबून हात जोडू लागल्या, कारण त्यांना तो कुठल्याशा देवाची दीपमाळ वाटला. लेक इंजिनिअरिंगला लागली तेव्हा ह्यांनी तिला संगणक घेऊन दिला. वसतिगृहात तो ठेवू देईनात. लेक औरंगाबादला गेली आणि संगणक धारूरला राहिला, मधल्या खोलीत, मी विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली. रोज पुसायचा म्हणून पुसायची, आणि पुसता पुसता एक दिवस तो चालू झाला. दिवाळीच्या सुट्टीत लेकीनं मला चार गोष्टी शिकवल्या. पाचवी मी माझी मी शिकले. ती म्हणजे ब्लॉग.

इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटायचं, ते मला जादूसारखं वाटे. फक्त ळ सापडत नव्हता. सुरुवातीचे कित्येक लेख मी ळ टाळून लिहिले. टाळण्यातसुद्धा तो असतो, म्हणून तेही कधी लिहिलं नाही. नाव घेतलं 'बालाघाटकन्या'. खरं नाव महानंदा, पण महानंदा म्हटलं की कुणीही म्हणालं असतं, वाण्याची बायको, तिला काय कळतंय. बालाघाटकन्येला सगळं कळायचं. मराठवाड्याची अस्मिता, मराठवाड्याची बोली, मराठवाड्यात न आलेली रेल्वे. सगळ्यांत आवडता शब्द अनुशेष. मुंबई-पुण्यानं आमच्या वाट्याचं किती खाल्लं ते मी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना आणि हे गादीवर आडवे झाले असताना, दात ओठ खाऊन मागायची.

अडचण एकच होती. घराला आणि दुकानाला मिळून फोनची एकच तार. मी इंटरनेट लावलं की फोन एंगेज. बीडचा घाऊक व्यापारी ह्यांना म्हणायचा, "शेठ, तुमच्या फोनला दुपारी काय व्हतंय?" हे मला विचारायचे, "कावून एंगेज येतोय गं?" मी म्हणायची, "तारेवर माकडं बसत्यात." किल्ल्यावर माकडं आहेत, त्यामुळं हे खपलं.

वाचणारे होते. पुण्याला, बंगळूरला, एक तर अमेरिकेत. सगळे आमच्याच भागातून उठून गेलेले. ते लिहायचे, "ताई, डोळ्यांत पाणी आलं." मला वाटायचं माझ्या भाषेमुळं. आता कळतं, त्यांना भूक लागलेली असायची. अस्मितेच्या हुंकाराखाली हमखास कुणीतरी विचारलेलं असायचं, "भज्जीत चिंच आधी घालायची का नंतर?" लातूरच्या एका गृहस्थानं लिहिलं, सण आमचा आणि मिरवता तुम्ही, बीडकरांनी आपल्या सणावर लिहावं. त्याच्याशी मी आठवडाभर भांडले. दुकानात मीठ मागायला आलेल्या बाईला मी तंद्रीत साबण दिला.

त्याच दिवसांत पेपरात यायला लागलं की वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच, असा कायदा झालाय. बालाघाटकन्या अशा विषयावर गप्प बसणं शक्यच नव्हतं. पण त्या दिवशी कुकर लावलेला होता. "बहिणींनो, हक्कसोडीच्या कागदावर सही करू नका. एका साडीत वावर देऊ नका. बापाच्या जमिनीवर तुमचं नाव आहे, ते राहू द्या. कुकरची शिट्टी झाली, थांबते." एवढंच लिहिलं. शिट्टी झाली नसती तर तिथंही संस्कृतीचा आदिम प्रवाह वाहिला असता आणि कुणाला काही समजलं नसतं. त्या लेखाखाली एकच प्रतिक्रिया आली: "ताई, भज्जीवर पुन्हा कधी?"

आता ज्यांना हक्कसोड ठाऊक नाही त्यांच्यासाठी. बाप गेला की जमिनीला वारसांची नावं लागतात, त्यात लेकींचीही. मग भाऊ बहिणीला मानानं बोलावतो. पुरणपोळी होते. साडी-चोळी होते. दुसऱ्या दिवशी जीप करून रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेतात, बहीण अंगठा किंवा सही करते, नाव निघतं. संध्याकाळी बहीण नवी साडी नेसून आपल्या घरी. कुणी ओरडत नाही, कुणी रडत नाही. इतकी गोड रीत आहे की ती टोचतच नाही.

आमच्या घरात त्या साली नेमकं तेच ठरलं होतं. सासरे वारून वर्ष झालं होतं. वावराला तीन नावं लागली होती: अव्वांचं, ह्यांचं, आणि ह्यांच्या थोरल्या बहिणीचं, नीलाक्काचं. अक्का वडवणीजवळच्या खेड्यात दिलेली. उंच, काळीसावळी, बोलायला लागली की बैल थांबतील अशी. ह्यांनी ठरवलं, अक्का येळवशीला येईलच, दुसऱ्या दिवशी सहीचं उरकून घेऊ. मला म्हणाले, "साडी तूच निवड, तुला तिची आवड ठाऊक हाय." मी निवडली. जांभळी इरकली, लाल काठाची. सकाळी जगातल्या बहिणींना एका साडीत वावर देऊ नका म्हणून बजावणारी मी, दुपारी कापडाच्या दुकानात मांडी घालून बसले होते आणि पदर उलटा करून वीण बघत होते. दोन्ही कामं मनापासून. मराठवाड्याचा अनुशेष मागणाऱ्या बाईच्या घरातला अनुशेष वडवणीला नांदत होता, आणि बाईला लांबचं लख्ख दिसायचं, जवळचं चष्म्याशिवाय नाही.

ती येळवस मला वासानं आठवते. चुना, ओली माती, चिंचेचा कोळ, कडब्याचा गोडसर वास, आणि त्यातून मधूनच येणारा अक्काच्या अंगाचा वेखंडासारखा वास. पूजा झाली, नैवेद्य झाला. ह्यांनी वावराच्या चारी कडेनं आंबील शिंपडली. सगळे कोपीपुढं घोंगडीवर बसले. मी वाढत होते. ह्यांनी पिशवीतून साडी काढून अक्काच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "उद्या सकाळी जीप सांगितलीया."

अक्कानं साडीवरून हात फिरवला. "लई चांगली हाय रे," ती म्हणाली. "पर मी सही करायली न्हाई."

हे हसले. मग हसायचे थांबले. "म्हंजी?"

"म्हंजी न्हाई. प्रकाश फोनवर सांगायलता. संगणकात एक बाई हाय. ती म्हणती, सही करू नका." प्रकाश म्हणजे अक्काचा मुलगा, पुण्याला नोकरीला.

"कोण बाई?"

"नाव न्हाई तिचं. बालाघाटकन्या म्हणं."

अव्वांनी भाकरी खाली ठेवली. "कन्या कुणाची? बापाला नाव न्हाई का? चांगल्या घरची बाई असं लिवती व्हय?"

हे तांबडेलाल झाले होते. मोठ्या बहिणीवर ओरडता येईना, म्हणून सगळा राग त्या बाईवर निघाला. "लोकांच्या घरात काड्या घालायचं काम. असल्या बाईला कोण नांदवत असंल?"

"नांदवत्यात की कुणीतरी," मी म्हटलं. "आंबील घ्या."

आंबील वाटीबाहेर गेली आणि ह्यांच्या धोतरावर पडली, तेवढंच काय ते माझ्याकडून झालं.

जेवणं कशीबशी उरकली. मी भांडी घेऊन विहिरीवर गेले, मागून अक्का आली. दोघी राखेनं पातेलं घासायला लागलो. एक टिटवी कुठंतरी सारखी ओरडत होती. अक्कानं पातेलं उलटं करून बुडाची काजळी घासली. मग म्हणाली, "तुझ्याबिगर कुकरची शिट्टी झाली म्हणून कोण थांबतं गं?"

माझ्या हातातली राख तशीच राहिली.

"प्रकाशनं शेवटपर्यंत वाचून दावलं मला. तिथंच वळखलं. समद्या जगाला सांगितलंस, मला एक फोन करायचा हुता की."

"अक्का," मी म्हटलं, आणि त्या वेळी जे खरं होतं तेच तोंडातून आलं, "मी ते तुमच्यासाठी लिहिलंच नव्हतं."

"मग कुणासाठी?"

"मराठवाड्यातल्या भगिनींसाठी."

"मग मी काय नगरची हाय का?"

ती हसायला लागली. मीही. विहिरीत आवाज घुमला, तसं कोपीकडून हे मान वळवून बघायला लागले. आम्ही पुन्हा घासायला लागलो. मग अक्काचा आवाज खाली आला. "पिकवायचं न्हाई मला ते. ह्या वयात काय पिकवू? पर बापाच्या जमिनीवर माझं नाव हाय, ते मी माझ्या हातानं कावून पुसू? आन् न्हाई पुसलं तर पुढच्या येळवशीला मला हितं कोण बोलावतंय? वावर ठेवलं की माहेर जातं. माहेर ठेवलं की वावर जातं. दोन्ही कावून मिळत न्हाई गं बाईला? ते काय लिवलं न्हाईस तू."

ते मी लिहिलं नव्हतं. ते मला ठाऊकच नव्हतं, असंही नाही. माझ्या माहेरी मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सही करून आले होते, हिरव्या साडीत. ती साडी मला आवडायची.

दुसऱ्या दिवशी जीप दारात आली आणि परत गेली. अक्का पहिल्या गाडीनं वडवणीला निघून गेली होती. जांभळी साडी बाजेवर घडी घालून ठेवलेली. हे साडीकडं बघत बसले, मग म्हणाले, "आता तिला बोलवायचं न्हाई." ओरडून म्हणाले असते तर मी भांडले असते. हळू म्हणाले. हा माणूस वाईट नव्हता. लहानपणी अक्काच्या कडेवर बसून यानं हेच वावर पाहिलेलं. वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं.

ते वर्ष कसं गेलं ते सांगताना आजही माझी बोटं पदराशी चाळा करतात. पंचमीला अक्काला आणायला कुणी गेलं नाही. भाऊबिजेला हे दिवसभर दुकानात बसून राहिले, गिऱ्हाईक नसताना वजनं पुसत. चहा मागायचे आणि गार करून ठेवायचे. अव्वा रोज भाकरी थापताना बालाघाटकन्येला शिव्या घालायच्या. तिचा संगणक जळू दे, तिची बोटं झडू देत. कधीकधी मी साथ द्यायची. "लई आगाव हाय ती," म्हणायची. "आन् लिहिती बी किती वाईट." हे मात्र मी प्रामाणिकपणे म्हणत होते.

ब्लॉगवर मी वर्षभर ओळ लिहिली नाही. पुण्याचे, बंगळूरचे लोक विचारायला लागले, ताई, कुणाचा दबाव आहे का, लेखणी थांबवू नका, आम्ही पाठीशी आहोत. दबाव कसला. मी फोनवर असायची. दुपारी हे आडवे झाले की मी संगणक चालू करून ठेवायची, पडद्यावर काहीतरी हलतं दिसावं म्हणून, आणि फोन कानाला लावून वडवणीला अक्काशी बोलत बसायची. तार एंगेज. कुणी विचारलं तर इंटरनेट, नाहीतर माकडं. आम्ही काय बोलायचो? तिच्या म्हशीचं, माझ्या गुडघ्याचं, कुणाच्या सुनेचं. वावराचा विषय काढायचा नाही असं न ठरवता ठरलेलं. फोन ठेवताना मात्र ती दर वेळी विचारायची, "ज्वारी कशी हाय?" आणि मी दर वेळी सांगायची, कुठल्या कडेची जोमात आहे, कुठल्या कडेची खुरटली.

कार्तिकात कपिलधारची यात्रा, आम्हा लिंगायतांची मोठी. तिकडं जाते म्हटलं की आमच्या घरात कुणी अडवत नाही. धबधब्याचं पाणी तोवर बारीक झालेलं असतं, दगडांवर शेवाळ, ओल्या कपड्यांची माणसं, भस्माचे पट्टे, मुलांचा कालवा. तिथं अक्का मला भेटली. समाधीचं दर्शन घेऊन आम्ही एका दगडावर शेंगा खात बसलो. अक्का म्हणाली, "मला एक सांग. येळवशीला कोप कोण घालतं?"

"ज्याचं वावर तो."

"सातबाऱ्यावर माझं नाव हाय?"

"हाय."

तिनं टरफलं झटकली. "मग मला कोण बोलवायला कशाला पायजे? मीच बोलावते की समद्यांना." थोडं थांबून म्हणाली, "पर कडबा वडवणीवरनं कसा आणू?"

"कडब्याचं मी बघते," मी म्हटलं. इतक्या वर्षांच्या लेखनात मी इतकं स्पष्ट वाक्य लिहिलं नव्हतं.

तर पुढची येळवस. आम्ही बैलगाडीतून वावरात आलो. अव्वांच्या मांडीवर आंबिलीची बिंदगी, चुन्याच्या पट्ट्यांनी रंगवलेली मातीची घागर. गाडी बांधावर आली आणि हे लगाम ओढल्यासारखे थांबले. विहिरीच्या अंगाला, जिथं ज्वारी खुरटी होती आणि मोकळा तुकडा होता, तिथं एक बारकी कोप उभी होती. जराशी वाकडी. पुढं अक्का, तिच्या कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, शेजारी दाजी घोंगडी झटकत होते. चुलीतून धूर निघत होता.

"तो कडबा कुणाचा हाय?" हे म्हणाले.

"कडबा समदीकडं सारखाच दिसतो," मी म्हटलं.

आम्ही आमची पूजा केली. शेजारच्या वावरातून हसण्याचे, हाका मारण्याचे आवाज येत होते, आणि आमच्या वावरात दोन चुली आणि मधे नुसतं ऊन. मी भज्जी ढवळत होते, ढवळायची गरज नसताना. मग अक्का आपल्या कोपीपुढं उभी राहिली, तोंडाला हात लावला, आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली. "अव्वा, ये गं. रेवण, ये रे आंबील प्यायला."

रेवण म्हणजे हे. कित्येक वर्षांत त्यांना कुणी रेवण म्हटलं नव्हतं.

अव्वा उठल्या. काठी शोधायला लागल्या.

"कुठं चाललीस?" ह्यांनी विचारलं.

"हाक आलीया."

"तिनं आपलं वावर घेतलंय, अव्वा."

"तुझ्या बापाचं घेतलंय. तिच्याच बापाचं." काठी सापडली. "लेकीच्या वावरात जेवायचं माझ्या जल्मात आलंय. जाऊ दे मला." आणि त्या ढेकळांतून हळूहळू निघाल्या, एका हातानं लुगडं धरून. मला त्यांच्यामागं जायचं होतं, आणि ह्यांच्यापाशी थांबायचंही होतं. समतेच्या लोकोत्सवावर एवढं लिहिणारी मी त्या लोकोत्सवाच्या बरोबर मधे उभी होते, हातात पळी घेऊन, आणि कुठल्या बाजूला पाऊल टाकावं ते मला सुचत नव्हतं.

हे कोपीपुढं एकटे बसले होते. समोर भरलेली बिंदगी. अक्काची दुसरी हाक आली, या वेळी लहान, फक्त त्यांच्यापुरती. "रेवण, रस्त्यानं जाणाऱ्याला बी बोलावत्यात."

"मी काय रस्त्यानं जाणारा हाय व्हय?" हे मान खाली घालूनच म्हणाले.

"मग कोण हायस ते ठरीव, आन् ये. ऊन चढल्यावर आंबट व्हती ती."

ते लगेच उठले नाहीत. एक ढेकूळ घेऊन बोटांनी चुरत राहिले, संपेपर्यंत चुरलं. मग उठले, धोतर झटकलं, आणि माझ्याकडं न बघता विहिरीकडं चालू लागले. अक्काच्या घोंगडीच्या अगदी कडेला बसले, पाय मातीत ठेवून. तिनं वाटी भरून दिली. ते ती एका दमात प्यायले आणि वाटी बघत राहिले.

"लसूण लई झालाय," ते म्हणाले.

"तुझ्याच घरचा हाय," अक्का म्हणाली.

तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आमच्या कोपीतल्या पाच दगडांकडं अतिशय भक्तिभावानं बघत होते.

हा प्रसंग मी ब्लॉगवर लिहिला. साधा लिहिला, जसा झाला तसा, आणि खाली महानंदा असं नाव घातलं. अव्वा, वाचता येत नसताना, हे नाव पडद्यावर कसं दिसतं ते बघायला आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग कळलं त्यांना, रोजच्या शिव्या कुणाला जायच्या ते. त्या दिवशी भाकरी थापताना मात्र शिव्या ऐकू आल्या नाहीत, नुसता थापण्याचा आवाज आला. पुढं लेकीच्या पाठचा आमचा मुलगा दुकानात बसू लागला, फोनची तार गेली, संगणक गेला, ब्लॉगचं कुलूप उघडायचा शब्द मी विसरले. अव्वा गेल्या. वावरात दोन कोपी मात्र दर वर्षी उभ्या राहतात. अक्काची अजूनही वाकडीच असते.

मला वाटलं होतं, एकदा झालं म्हणजे झालं. तसं काही नसतं. परवा जेवताना लेकीचा पुण्याहून फोन आला. आता सगळे फोन सगळ्यांना ऐकू येतात. ती म्हणाली, "आई, औंदा मी येळवशीला येतेय. माझी कोप कुठं घालू?" हसत म्हणाली, पण विचारलं.

मुलाचा घास हातात राहिला. सुनेनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं, चारदा सांगावं लागतं. हे वाक्य त्यांना बरोबर ऐकू आलं. "विहिरीकडं नको," ते म्हणाले, "तिथं अक्काची असती. वर बोरीजवळ घाल. वारं कमी लागतं."

मुलगा उठला, हात धुतले आणि दुकानात गेला. दुपारची वेळ, दुकान बंद असतं. शटर वर जाताना केवढा आवाज झाला. तेव्हापासून तो वडिलांशी बोललेला नाही, माझ्याशी कामापुरतं. हाही वाईट माणूस नाही. दुकान, ह्यांची औषधं, माझे गुडघे, सगळं तोच बघतो. त्याच्या मनात काय चाललंय ते मला पाठ आहे, कारण त्याच्या वडिलांच्या चेहऱ्यावर मी ते वर्षभर वाचलंय. पण तेव्हा एक वर्ष हाताशी होतं. आता येळवस उद्या-परवावर आलीय, आणि मी जिन्यावरून खाली-वर करतेय.

शेवटी आज सकाळी जिना पुरा उतरले आणि दुकानात जाऊन त्याच्यासमोर पोत्यावर बसले. तो एका बाईला साखर जोखून देत होता.

"औंदा कडबा जास्तीचा काढायला सांग," मी म्हटलं.

"ताईच्या कोपीला," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"तिच्या एकीला. आन् एक माझी."

आता त्यानं बघितलं. "तुझी कशाला? पप्पांची हाय की."

"ती तुमची दोघांची. मला माझी निराळी पायजे. बांधाजवळ घालीन, मधोमध. तिथनं ताईला बी हाक मारते आन् तुला बी. बघू कोण न्हाई म्हणतंय."

साखर घ्यायला आलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला. त्यानं काट्याकडं बघितलं, पुडा बांधला, दोऱ्याला नेहमीपेक्षा जास्त वेढे दिले. बाई गेली. तो बराच वेळ काट्यातलं रिकामं ताट पुसत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "दोघींच्या मिळून पेंढ्या किती लागतील?"